तारापूर, बोईसर, अणुशक्तीनगर: अणुऊर्जेने वसवलेली आणि हलवलेली गावं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

तारापूरबद्दल मराठीत जे लिहिलं जातं त्यात मेगावॅट असतात, अमेरिकेशी झालेला करार असतो, युरेनियम असतं. जमीन, रस्ते, वस्ती, गटारं यांचा विषय निघतो तो ग्रामसभेत किंवा लोकल चुकल्यावर बोईसर फलाटावर. तिथे जे प्रश्न हमखास येतात ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण मामला तसाच गुंतागुंतीचा आहे.

पहिला अणुवीज प्रकल्प तारापूरलाच का आला?

साठच्या दशकाच्या सुरुवातीला कोळशाच्या खाणी पूर्वेला आणि मध्य भारतात होत्या, विजेची भूक मात्र पश्चिमेला मुंबई-अहमदाबाद पट्ट्यात होती. कोळसा इतक्या लांब वाहून आणायचा तर वीज महाग पडणार. अणुवीज आधी इथेच परवडेल हा हिशेब त्यातून आला. मग जागेचा शोध. थंड करायला भरपूर पाणी हवं, तर अरबी समुद्र होता. अवजड सामान आणायला रेल्वे हवी, तर बोईसर स्टेशन होतं. मुंबईपासून सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे जवळही आणि लांबही. १९६० मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले होते आणि वीज दोघांनाही द्यायची होती, त्यामुळे सीमेजवळची जागा सोयीची ठरली.

ऑगस्ट १९६३ मध्ये भारत-अमेरिका करार झाला. जनरल इलेक्ट्रिक (जीई) आणि तिच्यासोबत बेक्टेल या अमेरिकन कंपन्यांनी बांधकाम केलं आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये दोन अणुभट्ट्यांची व्यापारी वीज सुरू झाली. मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॅट, पुढे ती १६० वर आणली गेली. ज्यांच्या आग्रहामुळे हे सगळं उभं राहिलं ते होमी भाभा जानेवारी १९६६ मध्येच गेले होते.

जागा निवडताना जे पाहिलं गेलं त्यात पाणी, रेल्वे, ग्रिड आणि वस्ती विरळ असणं हे सगळं होतं. पुढच्या पन्नास वर्षांत तिथे किती लोक येतील याचं उत्तर मात्र त्या कागदांत कुणी शोधू नये.

प्रकल्प खरंच तारापूर गावात आहे का?

नाही. तारापूर म्हणजे खाडीच्या काठचं जुनं गाव. तिथला किल्ला १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकला. पलीकडे चिंचणी. प्रकल्प या गावाच्या दक्षिणेला समुद्राकाठी आहे, घिवली, अक्करपट्टी, पोफरण यांच्या शिवारात. स्टेशन बोईसरला. औद्योगिक वसाहतीचं नाव तारापूर एमआयडीसी, आणि तीही तारापूरला नाही, बोईसरला लागून आहे. नवीन माणूस तारापूर एमआयडीसीत मुलाखतीला निघतो आणि रिक्षावाल्याला ‘तारापूर’ सांगून थेट किल्ल्याजवळ उतरतो, असे किस्से इथे कमी नाहीत.

कर्मचाऱ्यांची कॉलनी प्रकल्पाला लागून का बांधली नाही?

यासाठी आधी अणुप्रकल्पाभोवतीची वर्तुळं समजून घ्यावी लागतात. इथल्या जमिनीचं बरंचसं भवितव्य त्यांनीच ठरवलं.

सगळ्यात आतलं वर्तुळ साधारण दीड किलोमीटरचं. त्यात कुणी राहायचं नाही. जमीन पूर्णपणे प्रकल्पाच्या ताब्यात. दुसरं पाच किलोमीटरचं. तिथली गावं उठवत नाहीत, लोकसंख्या नैसर्गिक गतीने वाढू देतात, पण बाहेरून माणसं ओढून आणणारं काही, म्हणजे कारखाने, मोठी गृहसंकुलं वगैरे, तिथे येऊ द्यायचं नाही असं अपेक्षित असतं. तिसरं सोळा किलोमीटरचं. अपघात झालाच तर लोकांना घरात थांबवणं, आयोडीनच्या गोळ्या वाटणं, बाहेर काढणं याची तयारी तिथपर्यंत ठेवायची.

टॅप्स (तारापूर अॅटॉमिक पॉवर स्टेशन) कॉलनी, म्हणजे कर्मचाऱ्यांची वसाहत, प्रकल्पापासून पूर्वेला, पास्थळच्या बाजूला, पाच किलोमीटरच्या रेषेच्या जरा बाहेर बसते. सकाळी-दुपारी-रात्री पाळीच्या बसेस कॉलनीतून प्रकल्पाकडे जातात आणि परततात. बोईसर-तारापूर रस्त्यावरची वर्दळ त्या वेळांना बांधलेली असते. कॉलनी आत असती तर हा रस्ता आजही गावचा रस्ता राहिला असता. ती बाहेर ठेवल्यामुळे रस्ता मोठा झाला, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं, मग चाळी, मग इमारती आल्या. याच रस्त्यावरचा चित्रालयचा बाजार हा त्याचाच वंशज.

कॉलनी कुठे बसवली हे किती महत्त्वाचं असतं ते कल्पाक्कमला दिसलं. २००४ च्या त्सुनामीत तिथला प्रकल्प सुखरूप बंद करता आला, पण समुद्राला लागून असलेल्या कर्मचारी वसाहतीत माणसं गेली. टॅप्स कॉलनी त्या मानाने बरीच आत आहे.

कॉलनीत नेमकं काय आखलं होतं?

सगळं. क्वार्टर्सचे दर्जे, शाळा, दवाखाना, क्लब, मैदान, बाजार, झाडं, पाणी, सांडपाणी. सुरुवातीला जीई आणि बेक्टेलचे अमेरिकन अभियंते सहकुटुंब आले होते, तेव्हा त्यांच्या राहणीमानाला साजेशी घरंही लागली. मासेमारी, भातशेती, बागायत आणि दागिन्यांच्या डाय (साचे) घडवण्याचा धंदा यांवर चाललेल्या किनाऱ्याला हे पूर्ण नवीन होतं.

आजही फाटकातून आत गेलं की फरक कळतो. आत रस्त्याच्या कडेला फुटपाथ आहे आणि त्यावर माणसं चालतात. बाहेर फुटपाथवर भाजीची पाटी, टमटमचा थांबा, कुणाच्या तरी दुकानाचा जिना, आणि माणसं रस्त्यावरून. मध्ये एक भिंत आणि सीआयएसएफचा जवान.

वसाहतीचा हा साचा तारापूरचा नाही, तो मुंबईच्या ट्रॉम्बेहून आला.

म्हणजे अणुशक्तीनगर?

हो. ट्रॉम्बेला १९५४ मध्ये अणुऊर्जा संस्था उभी राहायला लागली. अप्सरा अणुभट्टी ऑगस्ट १९५६ मध्ये सुरू झाली, सायरस १९६० मध्ये. संस्थेला १९६७ मध्ये भाभांचं नाव मिळालं. हजारो शास्त्रज्ञ आणि कामगार रोज शहराच्या दुसऱ्या टोकाहून आणण्याऐवजी मानखुर्दजवळ त्यांच्यासाठी स्वतंत्र नगर वसवायचं ठरलं. मुंबईच्या मानाने हा प्रयोग धाडसी होता. इमारती उंच नेल्या आणि जमीन मोकळी सोडली, टेकडीच्या उतारावरची हिरवाई राखली. भाभांना झाडांचं वेड होतं. बांधकामाच्या आड येणारं झाड तोडण्याऐवजी ते मुळासकट दुसरीकडे हलवायला लावत. अणुशक्तीनगरच्या झाडीत तो स्वभाव उतरलेला आहे.

अणुऊर्जा शिक्षण संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली. तिच्या शाळा अणुशक्तीनगरला, तारापूरला आणि देशातल्या इतर अणुवसाहतींत आहेत. वडिलांची बदली ट्रॉम्बेहून तारापूरला झाली तर मुलाचा गणवेशसुद्धा फारसा बदलत नाही. शाळा, इस्पितळ, घर, नोकरी सगळं एकाच खात्याचं. या सोयींमुळे देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसं टिकली हे खरं. पण यातूनच अशी वसाहत तयार झाली जिला शेजारच्या गावाची गरज फक्त धुणंभांडी आणि मासळीपुरती उरली. अणुशक्तीनगर पुढे मोठ्या शहरात मिसळलं, विधानसभेचा मतदारसंघही त्याच्या नावाचा झाला. टॅप्स कॉलनीभोवती मिसळायला शहरच नव्हतं, ते नंतर उगवलं.

जनता कॉलनीचं प्रकरण काय होतं?

अणुशक्तीनगरची गोष्ट याच्याशिवाय अर्धीच सांगितली जाते.

मानखुर्दला भाभा केंद्राच्या शेजारी जनता कॉलनी नावाची मोठी वस्ती होती. हे लोक तिथे घुसलेले नव्हते. शहराच्या वेगवेगळ्या भागांतल्या झोपड्या हटवून महापालिकेनेच त्यांना तिथे आणून बसवलं होतं. तेव्हा मानखुर्द म्हणजे शहराबाहेरचं रान. लोकांनी स्वतःच्या हातांनी गल्ल्या केल्या, शाळा काढल्या, देवळं-मशिदी-चर्च बांधली. मग अणुकेंद्र वाढलं आणि त्याला ही जमीन हवीशी झाली. नोटिसा आल्या. लोक कोर्टात गेले, मोर्चे काढले, दिल्लीपर्यंत पोचले. त्यांचं पुढारपण करणारा तरुण होता जॉकिन अर्पुथम, ज्यांना पुढे २००० साली मॅगसेसे आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

कोर्टबाजीत काही वर्षं निघाली. मग आणीबाणी आली आणि मे १९७६ मध्ये पोलीस बंदोबस्तात वस्ती जमीनदोस्त झाली. सुमारे सत्तर हजार माणसं काही किलोमीटरवर ट्रॉम्बेच्या खाडीकाठी, दलदलीच्या सखल जागेत हलवली गेली. तोच आजचा चिता कॅम्प. तिथेही भराव लोकांनीच घातला.

विचार करण्यासारखी गोष्ट अशी की चिता कॅम्पही भाभा केंद्राच्या कुंपणापासून लांब नाही. सुरक्षेचं कारण पुढे करून हलवलेली वस्ती पुन्हा शेजारीच बसवली गेली असेल, तर तिथे सुरक्षेपेक्षा जमिनीचा हिशेब मोठा होता, असं मला वाटतं. शहर आखणाऱ्यांनी झाडं मुळासकट हलवण्याची काळजी घेतली, माणसांच्या बाबतीत तेवढी नाही घेतली.

बोईसर इतकं कसं वाढलं?

तीन धक्क्यांनी. पहिला अर्थात प्रकल्प. हजारो मजूर, मग कर्मचारी, मग त्यांना लागणारे शिंपी, न्हावी, किराणावाले, भाड्याने खोल्या देणारे. पक्का रस्ता, पाणी, वीज, टेलिफोन असा सरंजाम आल्यावर दुसरा धक्का आला, तारापूर एमआयडीसीचा. औषधं, रसायनं, रंग, कापड, पोलाद असे कारखाने आले. मुंबईत जमीन महाग आणि नियम कडक होत गेले, तसे अनेक उद्योग इकडे सरकले. कामगार आले ते कोकण-खानदेशातून, पण त्याहून जास्त उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून. तिसरा धक्का एप्रिल २०१३ मध्ये, चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत धावू लागली तेव्हा. बोईसरला राहून मुंबईत नोकरी शक्य झाली आणि बिल्डरांच्या जाहिराती झळकल्या.

यातला एकही धक्का शहर म्हणून आखलेला नव्हता. प्रकल्पाची आखणी अणुऊर्जा खात्याने केली, भूखंडांची एमआयडीसीने, रुळांची रेल्वेने. मधलं जे उरलं ते ग्रामपंचायतींच्या वाट्याला आलं. बोईसर, सरावली, खैरापाडा, पास्थळ, कोळवडे, सालवड, कुंभवली. रस्त्यावरून जाणाऱ्याला हे सगळं एकच शहर दिसतं, पण एक गल्ली ओलांडली की ग्रामपंचायत बदलते आणि कचरा कुणी उचलायचा हा वाद सुरू होतो. नगरपरिषदेची मागणी जुनी आहे. ती का रखडत गेली याला स्थानिक राजकारण आहेच, पण औद्योगिक करातून मिळणारं उत्पन्न कुणी सोडायचं हाही त्यातला मुद्दा आहे.

अणुप्रकल्पाजवळ लोकसंख्येची मर्यादा असते ना? मग हे चाललं कसं?

हा सगळ्यात चांगला प्रश्न.

अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झालं आणि जागानिवडीची संहिता १९९० मध्ये आली. त्यातले निकष सोप्या भाषेत असे: पाच किलोमीटरच्या आत एकूण वस्ती वीस हजारांपेक्षा कमी असावी, दहा किलोमीटरच्या आत दहा हजारांहून मोठं गाव नसावं, तीस किलोमीटरच्या आत लाखाचं शहर नसावं.

आता नकाशा घ्या. बोईसर स्टेशन प्रकल्पापासून सरळ रेषेत दहा-अकरा किलोमीटर. एमआयडीसी त्याहून अलीकडे, सात-आठ किलोमीटरवर. टॅप्स कॉलनी सहाच्या आसपास. दहाच्या रेषेच्या आतबाहेर जी सलग वस्ती आहे ती दहा हजारांच्या कितीतरी पुढे गेली आहे.

नियम मोडला का? तांत्रिकदृष्ट्या तसं म्हणता येत नाही. हे निकष जागा निवडतानाचे आहेत. तारापूरची जागा त्याच्या तीस वर्षं आधी ठरली होती, आणि तेव्हा वस्ती विरळच होती. एकदा प्रकल्प उभा राहिला की पाच किलोमीटरपलीकडे वाढ रोखण्याचं हत्यार प्रकल्पाच्या हातात नसतं. ते राज्य सरकारकडे, म्हणजे महसूल आणि नगररचना खात्याकडे असतं. आणि त्याच राज्य सरकारच्या महामंडळाने प्रकल्पाच्या उंबऱ्यावर राज्यातल्या मोठ्या रासायनिक वसाहतींपैकी एक उभी केली. एका खात्याने वर्तुळ आखलं, दुसऱ्याने त्याला खेटून चुंबक ठेवला. माझ्या मते बोईसरची सगळी कहाणी इथे आहे: अणुऊर्जेने इथे भिंतीच्या आत नगररचना केली, भिंतीबाहेर फक्त मनाई केली. मनाई पाळून घेणारा कुणी नसेल तर काय होतं ते कुठल्याही संध्याकाळी बोईसरच्या पुलावर अडकून बघावं.

अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं कुठे गेली?

तारापूरला ५४० मेगावॅटच्या आणखी दोन अणुभट्ट्या आल्या. त्या २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या. त्यांच्या आतल्या वर्तुळात ही दोन गावं पूर्णपणे सापडली आणि उठवावी लागली. लोकांना बोईसरच्या बाजूला नव्या वसाहतींत आणलं. भूखंड, घरं, रस्ते, समाजमंदिर असं कागदावर सगळं होतं. तक्रारी झाल्या त्या घरांच्या दर्जाच्या, पाण्याच्या, नोकऱ्यांच्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

पुनर्वसनाच्या नकाशात एक गोष्ट बसत नाही, ती म्हणजे समुद्र. मच्छीमाराचं घर म्हणजे चार भिंती नव्हेत. होडी ओढायला किनारा, जाळी पसरायला जागा, बोंबील वाळवायला वलांड्या, आणि भरती-ओहोटी दारातून दिसणं, हे सगळं मिळून घर. आतल्या बाजूच्या भूखंडावर यातलं काहीच येत नाही. शेतकऱ्याला जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याची भाषा तरी कायद्याला ठाऊक आहे. किनाऱ्याच्या बदल्यात काय द्यायचं याचा रकाना सातबाऱ्यात नाही.

मासेमारीवर परिणाम झाला तो प्रकल्पामुळे की कारखान्यांमुळे?

दोन्ही वेगळे करून बघा. प्रकल्प समुद्राचं पाणी घेतो आणि कोमट करून परत सोडतो. शिवाय सुरक्षेसाठी समोरच्या समुद्रात होड्यांना बंदी आहे, म्हणजे जवळची जागा गेली. एमआयडीसीचं सांडपाणी मात्र प्रक्रिया करून नवापूरच्या किनाऱ्यावरून समुद्रात जातं, आणि प्रदूषणाच्या बहुतेक तक्रारी, दंड, खटले हे त्याच्याशी निगडित आहेत. गावात बोलताना दोन्ही एकाच वाक्यात येतात, कारण ज्याचं जाळं रिकामं आलं त्याला खातं कुठलं याच्याशी घेणंदेणं नसतं.

शेजारच्या गावांना वीज फुकट किंवा जास्त मिळते का?

नाही. वीज ग्रिडमध्ये जाते आणि राज्यांमध्ये वाटली जाते. गावाला पुरवठा करते ती महावितरण, इतर कुठल्याही गावाप्रमाणेच. भारनियमनाच्या वर्षांत ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण इथे फार वापरली गेली.

अपघात झाला तर बाहेर पडायचे रस्ते आहेत का?

आहेत. मुख्य म्हणजे बोईसरहून चिल्हार फाट्याला अहमदाबाद महामार्गाला मिळणारा रस्ता, शिवाय पालघरकडे आणि चिंचणीमार्गे डहाणूकडे. प्रकल्पाबाहेरच्या आणीबाणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची असते. पूर्वी हे काम ठाण्याहून चालायचं, ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाल्यापासून मुख्यालय निदान जवळ आलं. रंगीत तालमी होतात.

किनाऱ्यावरच्या गावांना पूर्वेकडे जायचं तर रेल्वे ओलांडावी लागते, आणि त्याआधी एमआयडीसीतून जावं लागतं. एमआयडीसीतल्या कंटेनर आणि टँकरच्या रांगा रोजच्याच. आणीबाणीच्या दिवशी त्या कुठे जातील, याचं उत्तर तालमीत मिळत नाही, कारण तालीम आधी कळवून होते.

इतर देशांत अशी गावं कशी वसवली?

दोन उदाहरणं पुरेत. कॅनडात चॉक रिव्हर प्रयोगशाळेसाठी १९४४-४५ च्या सुमाराला डीप रिव्हर हे गाव जाणीवपूर्वक नदीच्या वरच्या अंगाला, सुमारे दहा किलोमीटरवर वसवलं. आराखडा जॉन ब्लँड या वास्तुरचनाकाराचा. सोव्हिएत युक्रेनमध्ये प्रिप्यात १९७० मध्ये स्थापन झालं, चेर्नोबिल प्रकल्पापासून जेमतेम तीन किलोमीटरवर. १९८६ मध्ये तिथले जवळजवळ पन्नास हजार लोक स्फोटानंतर दुसऱ्या दिवशी बसेसमधून हलवावे लागले. ही दोन्ही मुळात अणुकेंद्रासाठीच आखलेली गावं. बोईसरसारखं कुणीच न आखलेलं शहर या यादीत बसत नाही.

जैतापूरला हेच होईल का?

परिस्थिती वेगळी आहे. तिथे सुमारे ९३८ हेक्टर जमीन आधीच संपादित आहे, नियोजित क्षमता १०,३८० मेगावॅट आहे आणि रेल्वे स्टेशन बोईसरइतकं जवळ नाही. पण प्रश्न विचारायचा तर अणुभट्टीपेक्षा आधी हा विचारावा: कुंपणाबाहेरच्या पहिल्या दहा किलोमीटरची नगररचना कोण करणार, आणि त्याचे पैसे कुणाच्या खात्यातून येणार?

बोईसर परिसरात घर घ्यायचं आहे. काय बघावं?

प्रकल्पाच्या भीतीपोटी फोन करणारे पुष्कळ असतात, कागद बघणारे कमी. इमारत कुठल्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत येते की एमआयडीसीच्या, ते आधी विचारा. एनए (बिगरशेती) आदेश आणि बांधकाम परवानगी कुणी दिली ते बघा, ग्रामपंचायतीच्या ना-हरकत दाखल्यावर भागवलेलं असेल तर मागे फिरा. नगररचना कार्यालयातून झोन दाखला काढा. जागा प्रकल्पाच्या पाच किलोमीटरच्या आत असेल तर मोठ्या संकुलाला परवानगी कशी मिळाली हे बिल्डरला तोंडी नाही, लेखी विचारा. पाणी नळाचं की टँकरचं ते शेजारच्या इमारतीत जाऊन एप्रिल-मे महिन्यात विचारा. आणि जागा बघायला रात्री अकरानंतर एकदा जाऊन या. एमआयडीसीतला वास दिवसा येत नाही.